कुर्ला ते चंदनसार: जुन्या मोटारीच्या दीर्घायुष्याचा इतिहास

मोटारीचे वय दोन ठिकाणी मोजले जाते आणि त्या दोन मोजण्या क्वचितच जुळतात. पहिली मोजणी परिवहन कार्यालयात होते. ती नोंदणीच्या तारखेपासून सुरू होते, वर्षांच्या हिशेबाने चालते आणि ठरावीक मुदतीला संपते. दुसरी गॅरेजमध्ये होते. तेथे गाडीने कापलेले अंतर, इंजिन खात असलेले तेल, पत्र्याला लागलेला गंज आणि मालकाची खर्च करण्याची तयारी यांचा एकत्र विचार करून ती आणखी किती काळ चालेल याचा अंदाज बांधला जातो आणि तो अंदाज दर काही महिन्यांनी नव्याने बांधावा लागतो. विरार पूर्वेकडील चंदनसार हा परिसर या दोन मोजण्या समोरासमोर येतात अशा जागांपैकी एक आहे, कारण एमएच-४८ या क्रमांकमालेची वाहने ज्याच्या दप्तरी नोंदली जातात ते वसईचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय चंदनसार रस्त्यावर भाटपाडा भागात आहे आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेली खासगी मोटार ‘पासिंग’साठी, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची तपासणी करून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण मिळवण्यासाठी, या भागातील मालकाला तेथेच न्यावी लागते. तपासणीच्या आधीचे दिवस गॅरेजमध्ये जातात हे वेगळे सांगायला नको.

जुनी गाडी वर्षानुवर्षे चालवत राहण्याच्या सवयीचे स्पष्टीकरण बहुधा काटकसरीने किंवा मालकाच्या जिव्हाळ्याने दिले जाते. ही दोन्ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत, कारण काटकसरी माणसे सर्वत्र असतात आणि जिव्हाळाही सर्वत्र असतो, परंतु लाखो किलोमीटर धावलेली, तीस-तीस वर्षे जुनी गाडी किरकोळ दुखण्यांसह रोजच्या कामाला लावणे सर्वत्र शक्य होत नाही. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील वसई-विरारच्या पट्ट्यात ते शक्य झाले त्यामागे एका कारखान्याचा, एका परवाना-व्यवस्थेचा आणि एका कारागीर वर्गाचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात चंदनसारपासून काही तासांच्या अंतरावर, कुर्ल्यात होते.

भारतात मोटार तयार करण्याचा विचार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात मांडला आणि मुंबई इलाख्यात कारखाना उभारण्याची योजना आखली. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखवली, मात्र केंद्रातील ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी, ज्यांनी याच काळात विमानाचा आणि जहाजांचा कारखाना उभारण्याचेही धाडस केले, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या, परंतु त्या प्रथम ‘जोडणी’च्या गाड्या होत्या, म्हणजे परदेशातून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या आणि येथे केवळ एकत्र बसवलेल्या. सुटे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच यापुढे वाव मिळेल असे धोरण १९५०च्या दशकाच्या आरंभी सरकारने ठरवले तेव्हा शिवडीला १९२८ पासून जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने मुंबईतील गाशा गुंडाळला, तर प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून छोट्या गाडीकडे मोर्चा वळवला. या निर्णयाचे परिणाम पुढे पन्नास वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर दिसत राहिले.

फियाटची ‘११००’ ही गाडी इटलीत १९५३ मध्ये बाजारात आली आणि लगेचच कुर्ल्यातही बनू लागली. तिची ‘११०० डी’ ही आवृत्ती इटलीत १९६२ मध्ये आली; भारतात ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने विकली गेली, फियाटशी असलेला परवाना-करार संपल्यावर १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे बदलली तरी पत्र्याचा साचा, यांत्रिक रचना आणि १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन जवळजवळ तेच राहिले. या इंजिनाचे मूळ तर १९३७ सालच्या फियाटमध्ये आहे. इटलीने १९६०च्या दशकातच बाजूला ठेवलेली गाडी कुर्ल्यात विसावे शतक संपेपर्यंत तयार होत होती, याला मागासलेपण म्हणायचे की स्थैर्य, हा प्रश्न विचारणारा ग्राहक आहे की मिस्त्री यावर अवलंबून आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने तो काळ टंचाईचा होता. नव्या मोटारींचे वाटप आणि विक्री १९५९च्या आदेशाने सरकारी नियंत्रणाखाली आली, गाडीसाठी नाव नोंदवून अनामत भरावी लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९६९ मध्ये किमतीही कायद्याने बांधल्या गेल्या आणि त्यावरून प्रीमियर कंपनी आणि केंद्र सरकार यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवी वस्तू मागून मिळत नसेल तर हाती असलेली वस्तू टिकवण्याखेरीज पर्याय उरत नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात गाडी ही वापरून टाकून देण्याची चीज कधीच नव्हती. ती वडिलांकडून मुलाकडे येई, भाच्याच्या लग्नात सजवली जाई आणि विकली तरी बहुतेकदा ओळखीच्याच माणसाला विकली जाई. क्युबात १९६०च्या सुमारास अमेरिकी माल येणे बंद झाल्यावर तेथील लोकांनी त्याआधीच्या अमेरिकी गाड्या अनेक दशके चालत्या ठेवल्या, हे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, पण दोन्ही परिस्थितींत मोठा फरक आहे: क्युबाचा गाडी बनवणाऱ्या कारखान्यांशी संबंधच तुटला होता, तर मुंबईत कारखाना गावातच होता आणि तीच गाडी पुन:पुन्हा बनवत होता.

मिस्त्रीच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट मोलाची ठरली. रचना चाळीस वर्षे बदलली नाही म्हणजे १९६८च्या गाडीचा भाग १९८८च्या गाडीला थोड्याफार कानशीने बसवता येतो आणि उस्तादाने पोऱ्याला, म्हणजे हाताखालच्या शिकाऊ मुलाला, शिकवलेली विद्या त्या मुलाच्या अख्ख्या कारकिर्दीत शिळी होत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जात असला आणि १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत उमेदवारीची सोय झाली असली, तरी रस्त्याकडेच्या गॅरेजमधील ज्ञान हे मुख्यतः पाहून आणि हात काळे करून मिळवलेले ज्ञान होते. ते वह्यांत उतरले नाही. म्हणूनच या व्यवसायाचा इतिहास लिहिताना कागदपत्रांपेक्षा यंत्राच्या रचनेवरूनच अधिक अनुमाने काढावी लागतात.

यंत्राची रचना असे सांगते की ही गाडी मुळातच दुरुस्त होण्यासाठी बनलेली होती. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन लाखो वेळा खालीवर होतो तेव्हा सिलिंडरची भिंत झिजते, पिस्टनवरील रिंगा सैल पडतात, तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळू लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘ऑइल खाते’ आणि ‘धूर मारते’. या अवस्थेत इंजिन फेकून देण्याऐवजी ते खोलून लेथवाल्याकडे पाठवले जाई, तो सिलिंडर किंचित मोठा कापून देई, ज्याला ‘बोअर करणे’ म्हणतात, आणि त्यात तितकाच मोठा पिस्टन बसवला जाई. वाढीव मापाचे पिस्टन ०.२, ०.४, ०.६ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळत असल्याने एकच इंजिन अनेकदा नवे होऊ शके, आणि सगळ्या पायऱ्या संपल्या तर सिलिंडरमध्ये बिडाची नळी, म्हणजे ‘स्लीव्ह’, ठोकून पुन्हा पहिल्या मापावर येता येई. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, घासून त्यावर जाड बेअरिंग बसवण्याची पद्धतही याच तत्त्वावर उभी होती. या कामाला ‘इंजिनकाम’ म्हणत आणि जुन्या गाडीच्या खरेदीविक्रीत किलोमीटरचा काटा काय सांगतो यापेक्षा इंजिनकाम कधी झाले हा प्रश्न आधी विचारला जाई. तो योग्यच होता, कारण त्या काळच्या अनेक गाड्यांच्या काट्यावर पाचच आकडे असत आणि ९९,९९९ नंतर तो निमूटपणे शून्यावर येई.

छोट्या दुखण्यांचे क्षेत्र याहून मोठे होते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार करणारा कार्ब्युरेटर कचऱ्याने अडे, तेव्हा त्यातील ‘जेट’, म्हणजे सुईच्या भोकाएवढी पितळी तोटी, काढून फुंकर मारली की गाडी चालू होई. ठिणगीचा क्षण ठरवणारे ‘पॉइंट’ जळून काळे पडत, ते पॉलिशपेपरने घासून त्यांतील फट जाड कागदाच्या घडीने जुळवली जाई. उन्हाळ्यात पेट्रोलपंपात, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचणाऱ्या छोट्या यंत्रात, पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटे. त्यावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबणे हा सर्वमान्य उपचार होता आणि घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमुळे तो लहान मुलांनाही ठाऊक झाला होता. यांतील एकाही दुरुस्तीला मोठे हत्यार लागत नाही. पाना, स्क्रूड्रायव्हर, प्लग खोलण्याचा पाना आणि वायरचा तुकडा डिकीत असला की मालक स्वतःच अर्धा मिस्त्री होई, आणि बिघाड सहन करण्याची त्याची तयारी या आत्मविश्वासातून येई.

सर्व बिघाड सारखे नसतात हे ओळखणे हाच या विद्येचा गाभा होता. जुन्या गाडीची सर्व दुखणी एकाच वेळी काढू म्हटले तर खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो. म्हणून कोणते दुखणे अंगावर काढायचे आणि कोणत्यासाठी त्याच दिवशी गाडी उभी करायची, याची एक अलिखित पण बरीच काटेकोर प्रतवारी गॅरेजांमध्ये तयार झाली. इंजिनाच्या खालच्या पॅकिंगमधून पाझरणारे तेल, घसरणारी काच, दाबून लावावे लागणारे दार, न हलणारा पेट्रोलचा काटा, सकाळी दोनदा चोक ओढल्याशिवाय न उठणारे इंजिन ही चालवून घेण्याची दुखणी मानली जात; तेलाची पातळी दर आठवड्याला काडी ओढून पाहिली, पेट्रोलचा हिशेब किलोमीटरवरून ठेवला की भागे. याउलट ब्रेकचे तेल कमी होणे, स्टिअरिंगमध्ये चाकापर्यंत न पोहोचणारी मोकळी फिरकी येणे, पेट्रोलच्या नळीला चीर जाणे आणि इंजिनाचे तापमान वारंवार चढणे ही दुखणी सहनशीलतेच्या पलीकडची होती. शेवटच्या दुखण्याबाबत मिस्त्री विशेष कडक असत, आणि त्यांचे कारण सुस्पष्ट होते: रेडिएटरचे पाणी कमी असताना गाडी ओढली तर सिलिंडरवरचे झाकण, म्हणजे ‘हेड’, उष्णतेने वाकते, त्याखालची गॅस्केट फुटते, पाणी तेलात मिसळते आणि पन्नास रुपयांच्या रबरी नळीपासून सुरू झालेले प्रकरण इंजिनकामावर संपते. निष्काळजी मालक आणि जुनी गाडी टिकवणारा मालक यांतील फरक दुखण्यांच्या संख्येत नसून या प्रतवारीत होता, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही.

किनारपट्टीवर मात्र एका शत्रूपुढे इंजिनाची सगळी विद्या अपुरी पडे. ११००ची रचना ‘मोनोकॉक’ होती, म्हणजे ट्रकप्रमाणे खाली स्वतंत्र जाड चौकट, जिला चासी म्हणतात, आणि तिच्यावर बसवलेली बॉडी असे दोन भाग नसून घडी घातलेल्या पत्र्याचीच एकसंध पेटी गाडीचे सगळे वजन पेलत होती. अशा गाडीचा पत्रा सडला तर शोभाच नव्हे, ताकदही जाते. वसईची खाडी, मिठागरे, चार महिने सलग पडणारा पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा यांनी वसई-विरारमधील पत्र्याला उसंत दिली नाही. पायाखालचा तळ, दाराच्या खालची कड आणि मागच्या चाकावरची कमान या जागा आधी जात. डेंटर, म्हणजे पत्र्याचे काम करणारा कारागीर, सडलेला भाग कापून त्या आकाराचा नवा तुकडा ठोकून घडवी, गॅसने वेल्ड करी, त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवणारा लगदा, भरून घासे आणि मग पेंटर रंग मारी. काम प्रामाणिक असेल तर वेल्डचा टाका पत्र्याएवढाच टिके. नसेल तर गंजावरच लांबी थापली जाई आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येऊन ते उघडे पडे. गाडीच्या पोटाला इंजिनातून काढलेले काळे तेल फासण्याची युक्ती गंजाविरुद्ध बऱ्यापैकी उपयोगी पडे, मात्र ती रबरी बुशांचे नुकसान करी आणि जमीनही बिघडवी, याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, जेव्हा सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, बुडालेल्या असंख्य गाड्यांबाबत एक गोष्ट लक्षात आली: कार्ब्युरेटरची जुनी गाडी खोलून, वाळवून, तेल बदलून पुन्हा चालू करणे तुलनेने सोपे होते, तर नव्या गाडीतील भिजलेले इलेक्ट्रॉनिक भाग बदलण्याखेरीज इलाज नसे.

सुट्या भागांच्या बाजाराविना यांतील काहीच घडले नसते. साठच्या दशकात सरकारने मोटारीचे अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले, त्यामुळे गॅस्केट, बुश, ब्रेकचे लायनिंग, रबरी नळ्या अशा वस्तू बनवणारी छोटी कारखानदारी देशभर वाढली आणि गिऱ्हाइकापुढे ‘कंपनीचा माल’ आणि ‘लोकल माल’ असे दोन पर्याय कायमचे उभे राहिले. नव्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार होता, आणि जुन्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, जेथे भंगारात निघालेली गाडी काही तासांत दारे, काचा, गिअरबॉक्स, डिफरन्शियल अशा भागांत वाटली जाई. ज्या उपनगरात पद्मिनी जन्माला येई त्याच उपनगरात तिचे अवयवही विकले जात हा योगायोग होता, पण मिस्त्रीच्या सोयीचा होता. या बाजाराचा मोठा आधार टॅक्सी होती. हजारो टॅक्सी एकाच, म्हणजे पद्मिनीच्या, बनावटीच्या असल्याने भागांना अखंड मागणी होती, आणि मागणी असल्यामुळे ते स्वस्त राहिले. खासगी पद्मिनीचा मालक, मग तो दादरचा असो की विरारचा, टॅक्सीवाल्यांच्या या गर्दीचा नकळत लाभार्थी होता.

पद्मिनी टॅक्सीचा शेवट यंत्राने नव्हे, कागदाने केला. मुंबईच्या हवेतील धुराविरुद्ध नागरिकांनी केलेल्या याचिकेवर १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यानंतर जुन्या टॅक्सींना सीएनजी, म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू, हे इंधन वापरणे बंधनकारक होत गेले. पद्मिनीच्या डिकीत वायूची टाकी बसली, प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले आणि मिस्त्रींना एक नवे दुखणे शिकावे लागले: पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांमध्ये वंगणासारखे काम करीत असे, ते देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले होते, आणि कोरडा, अधिक तापणारा वायू ती बैठक आणखी वेगाने झिजवू लागला. त्यावर हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवण्याचा उपाय निघाला आणि गाड्या चालत राहिल्या. परंतु २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा आली तेव्हा कोणत्याही लेथवाल्याकडे तिच्यावर इलाज नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी बाद झालेल्या गाडीचे इंजिन चालू होते की नाही, हा प्रश्न नियमापुढे गैरलागू होता.

खासगी गाडीला ही मर्यादा लागू नाही आणि येथेच चंदनसारचे महत्त्व सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर तपासणीत उत्तीर्ण झाल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्ली परिसरात हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर सरसकट बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात मात्र गाडीची प्रकृती हाच निकष राहिला. वसई-विरार ही वस्ती या दृष्टीने लक्षणीय आहे. आजच्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर विजेवरची लोकल १९३६ मध्ये विरारपर्यंत आली, सिडको या सरकारी नियोजन संस्थेने १९९० पासून या उपप्रदेशाचे नियोजन हाती घेतले, २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. नोकरीला जाणारा माणूस येथे लोकलने जातो. त्यामुळे घरची गाडी रोजच्या कमाईचे साधन नसते, ती जीवदानी देवीच्या दर्शनाला, गावी, लग्नकार्याला आणि अपरात्रीच्या दवाखान्याला लागते. अशा वापरात नव्या गाडीचा हप्ता जड वाटतो आणि जुन्या गाडीचे किरकोळ दुखणे हलके वाटते. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली या औद्योगिक वस्त्यांमधील गाळ्यांत लेथ, वेल्डिंग आणि रबराचे साचेकाम जवळच मिळते, आणि चंदनसारचा रस्ता पुढे विरार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ८ आणि आताच्या ४८शी जुळत असल्याने ट्रकांच्या दुरुस्तीवर जगणारी कारागिरीही हाताशी असते.

पासिंगसाठी ‘फॉर्म २५’, म्हणजे बिगर-व्यावसायिक वाहनाच्या नोंदणी-नूतनीकरणाचा अर्ज, विमा, प्रदूषण-प्रमाणपत्र आणि २०१० पासून जुन्या वाहनांवर लागू झालेला पर्यावरण कर भरल्याची पावती लागते. मोटार वाहन निरीक्षक चासी क्रमांक जुळतो का ते पाहतो, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर आणि बॉडी तपासतो. गॅरेजची प्रतवारी आणि कायद्याची प्रतवारी येथे बऱ्याच अंशी जुळते, कारण दोन्हींना ब्रेक आणि स्टिअरिंग महत्त्वाचे वाटतात, पण पूर्णपणे नाही: मिस्त्री ज्या हेड गॅस्केटसाठी रात्र जागवेल तिच्याबद्दल अर्जात रकाना नाही, आणि ज्या मागच्या दिव्याच्या तडकलेल्या काचेकडे मिस्त्रीने पाच वर्षे पाहिलेही नाही तिच्यासाठी गाडी परत पाठवली जाऊ शकते. तपासणीपुरते उसने चांगले टायर बसवण्याचा प्रकारही या व्यवसायाच्या इतिहासातून वगळता येण्यासारखा नाही; त्यात जुन्या गाडीची फसवणूक होत नाही, होते ती मालकाची आणि रस्त्यावरच्या इतरांची.

आज चंदनसारला जी गाडी वीस वर्षांची होऊन येते ती पद्मिनी नसते. ती बहुधा मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो किंवा पिंपरी-चिंचवडला बनलेली टाटा इंडिका असते, म्हणजे शतक पालटताना कार्ब्युरेटर जाऊन संगणकीय इंजेक्शन आले त्या संक्रमणातील गाडी. तिचे इंजिन एक-दोन लाख किलोमीटर उघडावे लागत नाही, बोअर करण्याची वेळ क्वचित येते, पण तिचे किरकोळ दुखणे कानाने ओळखता येत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाचे सांकेतिक आकडे वाचणारे यंत्र, जोडल्याशिवाय कोणता सेन्सर गेला ते कळत नाही. जुन्या उस्तादांतील काहींनी स्कॅनर घेतला, काही ब्रेक, क्लच आणि सस्पेन्शनच्या कामापुरते राहिले. दुखणे अंगावर काढण्याची प्रतवारीही त्यामुळे डळमळली, कारण तोच पिवळा दिवा किरकोळ कारणामुळेही लागतो आणि इंजिन बिघडवू शकणाऱ्या कारणामुळेही.

कागदाची बाजू या काळात अधिक महाग झाली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. बाजारात चाळीस-पन्नास हजारांना विकल्या जाणाऱ्या मारुती ८००च्या मालकाला आता इंजिनाआधी या रकमेचा विचार करावा लागतो. दुसरीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून बनवलेला मद्यार्क, मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते आणि हवेतील ओल शोषून घेते. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. वर्षातून दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या आणि पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीला हा किलोमीटरचा हिशेब लावता येत नाही, कारण तिच्यातील पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीतच राहते. अशा गाडीची इंधननळी अंतराची वाट न पाहता दर दोन वर्षांनी बदलावी आणि नव्या नळीवर इथेनॉल चालत असल्याचा शिक्का आहे का ते पाहून घ्यावे; पासिंगच्या यादीत ही नळी येत नाही, मात्र मिस्त्रींच्या जुन्या प्रतवारीत पेट्रोलची गळती पहिल्यापासूनच अंगावर न काढण्याच्या दुखण्यांत आहे.